हद्दीपासून दोन मैल

कोलोरॅडोत पावती मिळाली होती.
छापील, तारखेसह, कर लावलेली,
दुकानातल्या मुलीनं "सांभाळून जा" म्हणत हातात दिलेली.
ती अजून पाकिटात आहे.
हद्द ओलांडून दोन मैल कॅन्ससमध्ये आलो
आणि तीच पुडी
गुन्हा झाली.

मागचा एक दिवा बंद होता, एवढंच निमित्त.
डेप्युटीनं विचारलं, "गाडीत काही आहे का, डेल्विन?"
मी म्हणालो, आहे.
कंबरेसाठी. समोरच्या कप्प्यात, हातमोज्यांखाली.
इतक्या अदबीनं विचारल्यावर
नाही कसं म्हणायचं माणसानं.

आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर
एक पिवळा कागद आणि एक आकडा.
कागदावर चौकट आहे: गुन्हा कबूल.
तिच्यात फुली मारायला
पेनाला अर्धा सेकंद पुरतो.
आकडा वकिलाचा, फोनवर ऐकून लिहिलेला:
पंधराशे, निम्मे आधी.
दंड होईल फार तर चारशे.
नदीन म्हणते, चार आण्यांची कोंबडी
आणि बारा आण्यांचा मसाला.
मग उठते,
फ्रीजवरचा कॉफीचा डबा खाली काढते
आणि काही न बोलता मोजायला बसते.
गिअरबॉक्ससाठी साठवलेले.
नऊशे चाळीस.
पुन्हा मोजते.
नऊशे चाळीसच.

मेहुणा अर्विन म्हणतो, भर आणि मोकळा हो.
त्यानं भरला होता, एकोणीस वर्षांपूर्वी.
झाला मोकळा.
फक्त प्रत्येक नव्या नोकरीच्या अर्जावर
एक ओळ येते,
तिथे पोचलं की त्याचं अक्षर बारीक होतं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या कोर्टाला पायरी उरलेलीच नाही.
मागच्या वर्षी व्हीलचेअरसाठी उतार केला,
त्याची खडी माझ्याच ट्रकनं आणली.
आता कुणीही सहज आत जाऊ शकतं.

जूनमध्ये गहू येईल.
कोठारापाशी पहाटेपासून ट्रकांची रांग लागेल
आणि माझ्याकडे मोठ्या ट्रकचं लायसन्स आहे, सव्वीस वर्षांचं.
ते राहील की जाईल
हे पिवळ्या कागदावर कुठेच नाही.
मागची बाजूही पाहिली.
मागे पार्किंगचा नकाशा आहे.

वकिलाच्या ऑफिसातल्या बाईनं विचारलं,
"अडवलं तेव्हा तुम्ही काय बोललात?"
खरं, मी म्हणालो.
ती थोडा वेळ गप्प.
मग टायपिंग ऐकू आलं,
दोन अक्षरांच्या शब्दासाठी
जरा जास्तच वेळ.

गुरुवारी दुकानात, डबाबंद मक्याच्या फळीपाशी
तोच डेप्युटी भेटला.
साध्या शर्टात, कडेवर मुलगी.
त्याच्या बापाचा ट्रॅक्टर मी एकदा बर्फातून ओढून काढला होता.
तो त्याबद्दल बोलला नाही. मीही नाही.
डब्यांवरच्या किमती वाचत म्हणाला,
"जे पाहिलं ते मला लिहावं लागलं.
पण मंगळवारी तू एकटा येऊ नकोस."
मुलीनं मक्याचा एक डबा उचलून
माझ्या ढकलगाडीत टाकला.
आमच्या घरी मका कुणी खात नाही.
तरी परत ठेवला नाही मी.

रात्री पावती काढून पाहिली.
शाई उडत चालली आहे.
तारीख दिसते, कर दिसतो,
काय घेतलं होतं ते गेलं पुसून.

नदीनला म्हणालो,
गिअरबॉक्स अजून काढेल एखादा महिना.
ती म्हणाली, दुसऱ्यात खरखरतो.
डबा तिच्याच मांडीवर होता, झाकण उघडं.
म्हटलं, खरखरू दे.
पहिल्यातून थेट तिसऱ्यात टाकू.